गाडीचा सातबारा

जुनी मोटार घ्यायची म्हटली की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो : ओळखीचा मेकॅनिक बरोबर ने. मग एखाद्या रविवारी सकाळी कोणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो विधी पार पडतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी काढून तेल बोटांवर चोळून पाहतो, इंजिन रेझ करून आवाज ऐकतो, दाराचे रबर ओढून आतल्या पत्र्यावर वेल्डिंगचे ठिपके शोधतो, चौकापर्यंत एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, 'घ्या बिनधास्त.' त्यावर आपण तीन-चार लाख रुपये मोजतो. तेवढ्याच पैशांत कुठे गुंठाभर जमीन मिळत असती तर आपण वकील गाठला असता, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला असता, फेरफार पाहिले असते, 'इतर हक्कां'त कोणाचा बोजा आहे का ते तपासले असते. मोटारीच्या बाबतीत आपण पत्र्यावर टिचकी मारतो.

या सल्ल्यात चूक काही नाही, पण तो उथळ आहे. तो गाडी तपासायला सांगतो. गाडीची हकिगत तपासायला सांगत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरतो. किंमत आपण गाडीच्या पुढच्या पाच वर्षांसाठी देतो. त्या पाच वर्षांचा अदमास मागच्या पाच वर्षांवरून बांधता येतो, आजच्या अर्ध्या तासावरून नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो : मोटारीच्या तपासण्यांची आणि मीटरच्या आकड्यांची नोंद गाडीच्या नंबराला चिकटलेली, मालक बदलला तरी न तुटणारी आणि कोणालाही पाहता येणारी असली पाहिजे. ती नसेल तर गिऱ्हाइकाचा सावधपणा फारसा कामाचा नाही. आणि अशा नोंदीचा पहिला लाभ गिऱ्हाइकाला होत नाही. सरळपणे गाडी विकू पाहणाऱ्या माणसाला होतो. हे दुसरे विधान थोडे विचित्र वाटेल, म्हणून टप्प्याटप्प्याने जातो.

१. मेकॅनिकला काय दिसत नाही

मेकॅनिक अडाणी नसतो. त्याच्यापुढे जे आहे ते त्याला आपल्याहून कितीतरी चांगले दिसते. अडचण जे पुढे ठेवलेलेच नाही त्याची आहे.

मीटर घ्या. जुन्या काट्यांच्या मीटरमध्ये कोणी आकडे मागे फिरवले तर ते एका ओळीत बसत नसत, थोडे वरखाली दिसत. जाणकाराला संशय यायचा. डिजिटल मीटरवरचे आकडे नेहमीच सरळ असतात. एक लाख दहा हजारांचे पंचेचाळीस हजार करायला आता पाना-पक्कड लागत नाही. मोटार वाहन कायद्यात या उद्योगासाठी वेगळे कलमही नाही. पकडलेच तर फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाखाली यायचे, आणि त्यासाठी आधीचा खरा आकडा कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेला हवा.

पाण्याचे तर आपल्याला सांगायलाच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडाले, २०२१ च्या जुलैत चिपळूण. बुडालेली गाडी उन्हात वाळवली, आतले कारपेट बदलले, सीट धुऊन काढल्या की दोन महिने अगदी गुणाने चालते. गंज वायरिंगच्या जोडांमध्ये सावकाश धरतो. पहिल्या हिवाळ्यात काच खाली जायची बंद होते, दुसऱ्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर कसलेतरी दिवे लागू लागतात. विकताना ती गाडी खरोखरच ठीक असते. मेकॅनिक खोटे बोललेला नसतो.

अपघाताचेही तेच. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा भंगाराच्या भावात जातो. कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने ते कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. पण सांगाडा घेणारा तो उभा करू शकतो. नवा रंग, नवे बंपर, आरसी बुक तेच. कंपनीच्या दफ्तरात या गाडीचा मृत्यू लिहिलेला असतो. पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र ती 'वेल मेंटेन्ड' म्हणून दाखवली जाते.

अलीकडे मोठ्या कंपन्या दोनशे मुद्द्यांच्या तपासणीची जाहिरात करतात. मेकॅनिकपेक्षा ती बरी, यात शंका नाही. पण ते दोनशेच्या दोनशे मुद्दे वर्तमानकाळातले असतात. ब्रेक आहे, टायर आहे, एसी गार करतो. होते, झाले, घडले असा एकही मुद्दा त्यात सहसा नसतो.

२. अ‍ॅकरलॉफचे तांदूळ

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याच निबंधाचा मोठा वाटा. निबंधातला एक दाखला आपल्या स्वयंपाकघरातला आहे. पूर्वेकडच्या बाजारात तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणींना ते निवडत बसावे लागते, असे तो लिहितो. १९६७-६८ मध्ये तो वर्षभर भारतात होता. सूप आणि ताट त्याने जवळून पाहिले असणार.

त्याची मांडणी साध्या आकड्यांत सांगतो. चांगली गाडी चार लाखांची, वाईट दोन लाखांची, आणि दोन्ही दिसायला सारख्या. गिऱ्हाईक शहाणे असेल तर तीन लाखांवर जाणार नाही. वाईट गाडीचा मालक तीन लाखांना आनंदाने देईल. चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, एवढ्यात देण्यापेक्षा मी अजून चार वर्षे वापरतो. तो बाजारातून निघून गेला की उरलेल्या गाड्यांत वाईटांचे प्रमाण वाढते, गिऱ्हाईक आणखी कमी भाव करते, मग मध्यम गाडीचा मालकही निघून जातो. गिऱ्हाईक जितके सावध, तितका हा फेरा वेगाने फिरतो. सावधपणामुळे बाजार सुधारत नाही, बिघडतो.

आता आपल्या घरात पाहा. चांगली जुनी गाडी जाहिरातीत कधी दिसते का? ती मेव्हण्याकडे जाते, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे जाते, वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या मुलीकडे जाते. ज्यांना गाडीची हकिगत तोंडपाठ आहे त्यांनाच ती विकता येते, कारण पूर्ण किंमत फक्त तेच देऊ शकतात. ज्याला असा मेव्हणा नाही, जो शहरात नवा आहे, ज्याच्या नात्यागोत्यात पहिली गाडी त्याचीच असणार आहे, त्याच्या वाट्याला उरलेला बाजार येतो. ओळखीवर चालणारा बाजार ओळख नसलेल्याला महाग पडतो. सामाजिकदृष्ट्या ही गोष्ट मला मीटरच्या लबाडीपेक्षा गंभीर वाटते.

आणि उरलेल्या बाजाराने नोंदीची जागा कशाने भरून काढली आहे? 'डॉक्टरांची गाडी आहे.' 'मॅडम चालवायच्या, फक्त शाळेत मुलांना सोडायला.' 'सिंगल हँड.' 'पुणे पासिंग.' ही सगळी चारित्र्याची प्रमाणपत्रे आहेत, तीही मालकाच्या चारित्र्याची. (डॉक्टर ब्रेक पॅड वेळेवर बदलतात हा समज कोठून आला, हे मला आजवर कळलेले नाही.)

माझी नऊ वर्षे वापरलेली गाडी मी विकायला काढली तेव्हा एजंटापुढे एक निळी फाईल ठेवली होती. प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेनुसार लावलेले, प्रत्येकावर मीटरचा आकडा. त्याने ती उघडलीही नाही. 'साहेब, ही राहू द्या तुमच्याकडेच. मॉडेल कितीचं आणि मीटर किती झालंय तेवढं सांगा.' भाव त्याने केला तो त्या वर्षीच्या कोणत्याही गाडीला केला असता तोच. त्याच्या बाजूने पाहिले तर बरोबरच होते : माझी फाईल मी रात्रभर बसूनही तयार करू शकलो असतो. मालकाने ठेवलेल्या नोंदीला बाजारात किंमत नसते. तिसऱ्या, ज्याला त्या विक्रीत रस नाही अशा कोणीतरी ठेवलेल्या नोंदीला असते.

३. ब्रिटनमध्ये नोंद कशी वाचतात

अशी नोंद ठेवणारा देश म्हणून ब्रिटनकडे पाहण्यासारखे आहे. तिथे 'एमओटी' नावाची वार्षिक तपासणी १९६० पासून आहे. नाव 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट'वरून पडले. सुरुवातीला दहा वर्षांवरच्या गाड्यांनाच ती होती, १९६७ पर्यंत ती तीन वर्षांच्या गाडीवर आली. आज गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये न्यायची, ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू, पट्टे, धूर, पत्र्याचा गंज तपासून घ्यायचा. मोटारीसाठी शुल्काची कमाल मर्यादा ५४ पौंड ८५ पेन्स. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची : २००५ पासून या तपासण्यांची नोंद संगणकावर आहे, आणि सरकारी संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकला की ती कोणालाही, फुकट, दिसते. पास झाली का, नापास झाली तर कशामुळे, कोणत्या गोष्टीबद्दल ताकीद दिली, आणि त्या दिवशी मीटरवर किती मैल होते. नोकरीसाठी पुण्याहून लंडनजवळ गेलेला माणूस पहिली जुनी गाडी घेताना हे पान उघडतो, तेव्हा त्याला ओळखीच्या मेकॅनिकची उणीव भासत नाही.

पण हे पान वाचायलाही यावे लागते. 'पास' एवढाच शब्द पाहून पान बंद करणारा माणूस आणि टिचकी मारणारा आपला मेकॅनिक यांच्यात फार अंतर नाही. नोंदीतले खरे शहाणपण ताकिदींमध्ये असते. समजा एका गाडीला २०१९ मध्ये ताकीद मिळाली : मागच्या ब्रेकच्या नळीला गंज धरू लागला आहे. २०२० मध्ये तीच ताकीद. २०२१ मध्येही तीच. २०२२ मध्ये त्याच नळीवर नापास, आणि दोन दिवसांनी पास. चारही वर्षे ही गाडी शेवटी पासच आहे. पण या चार ओळींत मालकाचा स्वभाव दिसतो : अगदी गळ्याशी आल्याशिवाय पैसा खर्च न करणारा. जे नळीचे झाले तेच गिअर ऑइलचे झाले असणार, तेच टायमिंग बेल्टचे. दुसरी गाडी पहिल्याच वर्षी टायरवरून नापास झाली, दुसऱ्या दिवशी चारही टायर बदलून पास झाली, आणि पुढची सहा वर्षे एकही शेरा नाही. नुसते नापास मोजणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच वाटतील. मी डोळे झाकून दुसरी घेईन.

मैलांच्या रांगेतही अशीच हकिगत असते. दर वर्षी आठ-नऊ हजार, आणि मधल्याच एका वर्षी आठशे : गाडी कुठेतरी उभी होती, अपघात, आजारपण, परदेशवारी, काहीही. विचारायला एक नेमका प्रश्न मिळाला. सलग सव्वा वर्ष तपासणीच नाही, तर दुसरा प्रश्न. आणि आकडा एका वर्षी मागे गेला असेल, तर तपासनिसाची लिहिण्यातली चूक की मीटरची लबाडी, हे पुढच्या वर्षीच्या आकड्यावरून बहुधा उलगडते. एकटी नोंद खोटी असू शकते. दहा वर्षांच्या दहा नोंदी, दहा वेळा, वेगवेगळ्या हातांनी जुळवून खोट्या करणे फार जड जाते.

एमओटी सर्वज्ञ नाही, हेही सांगायला हवे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था त्या तपासणीत येतच नाही. म्हणजे सर्वांत महागडे तीन भाग तिच्या कक्षेबाहेर आहेत, आणि तरीही ती नोंद किंमत ठरवताना उपयोगी पडते. कारण भागांच्या अवस्थेबरोबर ती सांभाळणारा हातही दाखवते.

४. आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे सोपे आहे, आणि चूक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. आरटीओ गाडी पाहतो ती पंधरा वर्षांनी, नूतनीकरणाच्या वेळी. तोवर गाडीच्या ब्रेकची, सुकाणूची, पत्र्याची सरकारी तपासणी नियमाने होत नाही. याच कायद्याखाली आपल्या गल्लीतल्या रिक्षाला आणि टॅक्सीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेससाठी जावे लागते. रिक्षावाल्याने कितीही शिव्या घातल्या तरी त्याच्या वाहनाला हकिगत आहे. शेजारच्या बंगल्यातल्या पंधरा लाखांच्या गाडीला ती नाही.

मग गाडी हातोहात जाते तेव्हा काय होते? फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, बँकेचे कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवला जातो, परराज्यात जायची असेल तर एनओसी घेतली जाते, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने उठवलेला छाप जोडला जातो. हा सगळा कारभार गाडीची ओळख पटवणारा आहे. ही तीच गाडी आहे का, एवढे तो विचारतो. कशी आहे, हे विचारत नाही.

'वाहन' या केंद्रीय नोंदीतून अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी, कर्ज देणारी बँक दिसते. सातबाऱ्यावरचा कब्जेदार आणि बोजा दिसावा तसे. फेरफार मात्र नाहीत. पीयूसी वर्षातून एकदा होते, पण ती धूर तपासते. ब्रेक निकामी असलेली गाडीही पीयूसीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. खरा तपशील आहे तो उत्पादक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या संगणकात, पण वॉरंटी संपली की लोक बाहेरच्या गॅरेजकडे वळतात आणि तिथेच ती साखळी तुटते. अपघातांचा तपशील विमा कंपन्यांकडे आहे. तुकडे सगळे आहेत, एकमेकांना शिवलेले नाहीत.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. व्यापाऱ्याला अधिकारपत्र घ्यावे लागते, गाडी त्याच्या ताब्यात असेतोवर तो तिचा मालक मानला जातो, आणि त्या काळात गाडी बाहेर काढली तर कशासाठी, कोणी चालवली, किती अंतर गेली याची नोंद ठेवावी लागते. म्हणजे दुकानदाराने गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेली तर ते किलोमीटर लिहायचे. त्याआधीच्या सात वर्षांचे कोणी लिहायचे, यावर नियम गप्प आहे.

५. नोंद नसली की वय मोजतात

या उणिवेचा एक परिणाम गिऱ्हाइकापुरता राहत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. निकष वयाचा होता. दहा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेली निवृत्त शिक्षकाची गाडी आणि चार लाख किलोमीटर तुडवलेली गाडी एकाच दिवशी बाद. यातल्या अनेक गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत गेल्या, आपल्याकडेही आल्या. आणि इकडच्या गिऱ्हाइकाला त्यातली शिक्षकाची कोणती आणि तुडवलेली कोणती, हे सांगणारा कागद बरोबर आला नाही.

वय पाहून निकाल देणाऱ्यांना मी फारसा दोष देत नाही. अवस्थेची नोंदच नसेल तर न्यायालयाने तरी दुसरे काय पाहावे? आमचा एजंट 'मॉडेल कितीचं?' म्हणून विचारतो, तेच व्यवस्थेने मोठ्या आवाजात विचारले. २०२१ च्या वाहन भंगार धोरणात वयाऐवजी स्वयंचलित केंद्रावरच्या तपासणीवर भर आहे, ही दिशा योग्य. पण खासगी गाडीची ती तपासणीही पंधराव्या वर्षी. शाळेत एकदम दहावीलाच परीक्षा घ्यायची, त्याआधी प्रगतिपुस्तक नाही, असा हा प्रकार.

६. आक्षेप

पहिला आक्षेप खासगीपणाचा : माझी गाडी कुठे गेली, किती चालली, हे जगाला कशाला? आक्षेप रास्त आहे आणि उत्तर रचनेत आहे. ब्रिटनच्या त्या पानावर मालकाचे नाव नसते. तपासणी कोणत्या गॅरेजात झाली हेसुद्धा गाडीच्या नोंदणीपुस्तकावरचा क्रमांक टाकल्याशिवाय दिसत नाही. नोंद यंत्राची ठेवायची, माणसाची झाकायची. आपल्याकडे मात्र उलटे घडले होते. २०१९ च्या धोरणानुसार केंद्राने 'वाहन' आणि चालक परवान्यांची नोंद असलेल्या 'सारथी'मधली माहिती कंपन्यांना घाऊक विकली, त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे संसदेत सांगितले गेले, आणि खासगीपणाच्या प्रश्नावरून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले. कंपन्यांना विकण्याइतकी ती माहिती उघडी होती. ज्याला गाडी घ्यायची आहे त्याला मात्र ती दिसली नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत जड : आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक एजंट, आणखी एक चिरीमिरी. पीयूसीचा कागद गाडी न नेता मिळवल्याचे किस्से कोणाला ठाऊक नाहीत? मी हे अर्धे मान्य करतो. उद्या सरसकट सगळ्या खासगी गाड्यांना वार्षिक तपासणी लावली तर पहिली काही वर्षे तो बाजारच होईल. म्हणून सुरुवात तपासणीपासून करूच नये, मीटरपासून करावी. बेल्जियमने तेच केले. तिथे २००४ मध्ये कायदा झाला आणि २००६ पासून 'कार-पास' नावाची व्यवस्था सुरू आहे : गाडी दुरुस्तीला, टायर बदलायला, तपासणीला कुठेही आली की त्या दिवशीचा मीटरचा आकडा एका ठिकाणी कळवायचा. विकताना विक्रेत्याने तो उतारा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. न दिल्यास गिऱ्हाईक व्यवहार रद्द करून मागू शकते. यात कोणाला पास-नापास करायचे नाही, म्हणून लाच देण्यासारखेही फारसे काही नाही. आपल्याकडे विमा दर वर्षी होतो, पीयूसी दर वर्षी होते. दोन्हीकडे एक रकाना वाढवायचा आहे. खोटा आकडा घालणाऱ्याला पुढच्या वर्षीही तेच खोटे निभावावे लागेल, सर्व्हिस सेंटरच्या आकड्याशी जुळवावे लागेल, आणि हे सगळे मुळात विकायचा विचार मनात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी.

तिसरा आक्षेप : गरिबाची गाडी विकली जाणार नाही. हा मला पटत नाही. दीड लाखाची गाडी घेणारा हा त्या दीड लाखात सगळी शिल्लक घालणारा माणूस असतो. तीस लाखांची जुनी गाडी घेणाऱ्याला फसवणूक परवडते, त्याला नाही. वाईट गाडीची किंमत उतरली तर ती जिथे असायला हवी तिथे आली, इतकेच.

चौथा आक्षेप मला वकील मित्रांकडून ऐकावा लागतो : सातबारा तरी कुठे मालकीचा पुरावा असतो? खरे आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते, त्यापलीकडे तिचे बळ नाही. पण तेवढ्यावर महाराष्ट्रातले जमिनीचे व्यवहार चालतात. गाडीच्या नोंदीने यापेक्षा जास्त काही करावे अशी माझी मागणीच नाही. तिने पुराव्याचे ओझे फिरवावे. आज 'गाडी बुडालेली होती' हे गिऱ्हाइकाने सिद्ध करायचे असते, पैसे देऊन झाल्यावर.

७. तोवर

कायदा होईपर्यंत गाडीने स्वतःच्या अंगावर ठेवलेली नोंद वाचता येते. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१८ ची, मीटर तीस हजार आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले, तर हिशेब जुळत नाही. खिडक्यांच्या काचांवर कंपनीची आणि वर्षाची खूण असते. सगळ्या एकाच जातीच्या आणि एकच निराळी असेल, तर त्या बाजूला काहीतरी लागले होते. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. पाण्याची रेघ आणि चिखलाचा रंग वरच्या हातभर भागात दिसत नाही, खाली दिसतो.

विम्याची फक्त चालू पॉलिसी मागू नका, मागच्या सगळ्या मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. तो पायरी चुकून शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी बहुधा दावा केलेला आहे. मग कशाचा, ते विचारा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, आधीच्या गाडीवरून आणलेलाही असू शकतो, आणि पॉलिसी तीन महिन्यांहून जास्त खंडित झाली तरी तो जातो. म्हणून त्यावरून प्रश्न काढावा, निकाल नाही. सर्व्हिस सेंटरमधून छापील हकिगत विक्रेत्यालाच काढून आणायला सांगा. हा माणूस ती आणायला किती आढेवेढे घेतो, यातही बरेच कळते.

आणि गाडी विकणाऱ्यांना एक विनंती. व्यवहार झाला, पैसे खात्यात आले, तरी आरसीवरचे नाव बदलल्याखेरीज गाडी विसरू नका. नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. दायित्वाच्या बाबतीत कायद्याने नोंद आधीच सर्वांच्या वर ठेवली आहे. गुणाच्या बाबतीत ते व्हायचे आहे.

माझी निळी फाईल अजून कपाटात आहे, नऊ वर्षांची बिले तारखेनुसार. गाडी आता कोणाकडे आहे मला माहीत नाही. परवा अ‍ॅपवर नंबर टाकून पाहिला. विमा चालू, पीयूसी चालू, मालक क्रमांक ३.